पुढचा अल्बम कोणाच्या हातचा?

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत तर्क लढविण्याची हौस जुनी आहे. आर. टी. सी. क्रॉस रोड्स या नावाने साऱ्या शहराला ठाऊक असलेला चौक या वस्तीच्या उशालाच आहे, आणि तेथे सुदर्शन, देवी, संध्या ही चित्रपटगृहे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी आहेत. नव्या तेलुगू चित्रपटाची नुसती कुणकुण लागली, की नायक कोण या प्रश्नाचा निकाल चटकन लागतो; कारण पुष्कळदा नायकाच्या नावानेच चित्रपट ओळखला जातो. चहाचे पेले थंड होईपर्यंत वाद रंगतो तो पुढच्या प्रश्नावर : संगीत कोणाचे? तिकडे त्यागराय गानसभेच्या सभागृहात बसलेला वयस्क रसिकही काही निराळे करीत नसतो. गायकाने आलापाचे दोन स्वर लावले न लावले तोच रागाचे नाव शेजाऱ्याच्या कानात सांगून मोकळे होणे, ही त्याची तर्कविद्याच होय.

या वस्तीत तरुणांचा एक मोठा तांडा दिवसभर मुक्कामाला असतो. येथील शहर मध्यवर्ती ग्रंथालयात नोकरीच्या परीक्षांसाठी मुले-मुली सकाळपासून पुस्तकांत डोके खुपसून बसतात. मेट्रो गाडीने दोन स्थानके पुढे गेले की सुलतान बाजार, हैदराबादच्या मराठी वस्तीचा जुना भाग. चिक्कडपल्लीच्या तरुण मंडळींत म्हणूनच तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही घरांतली मुले एका बाकावर भेटली तर त्यात नवल नाही. जानेवारी २०२५ मध्ये अशा मुलांना एक नवा विषय मिळाला. कोल्डप्ले हा इंग्लंडचा विख्यात रॉक बँड त्या महिन्यात भारतात आला. नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर १८, १९ आणि २१ तारखेला त्याचे कार्यक्रम झाले. पुढे अहमदाबादेस मोटेराच्या प्रचंड मैदानात २५ आणि २६ तारखेला. त्यांतला प्रजासत्ताकदिनाचा कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दाखविण्यात आला, आणि ज्यांना सप्टेंबर २०२४ मध्ये तिकिटाच्या रांगेतून रिकाम्या हातांनी परतावे लागले होते त्यांनी तो घरबसल्या पाहिला. त्या तिकिटांसाठी एकाच दिवशी एक कोटीहून अधिक लोक संगणकाच्या दारात उभे होते, असे विक्री करणाऱ्या कंपनीनेच सांगितले होते. रांगेत कितवा क्रमांक लागला, हे पुढे कित्येक दिवस लोक एकमेकांस सांगत होते.

कार्यक्रम संपला आणि प्रश्न उरला : या बँडचा पुढचा अल्बम कसा असेल, आणि त्याचा प्रोड्यूसर कोण असेल?

वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. तथापि या प्रश्नाला एक धार आहे. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन याने एकाहून अधिक वेळा जाहीरपणे सांगितले आहे, की बँड एकंदर बाराच अल्बम काढील आणि मग थांबेल. दहावा अल्बम, ‘मून म्यूझिक’, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या जानेवारीच्या हिशेबाने शिल्लक राहिले दोन. ज्या कलावंताच्या पुढे अमर्याद काळ पसरलेला असतो त्याची एखादी चूक खपून जाते. ज्याने स्वतःच आपल्या कामाला मर्यादा घालून घेतली आहे, त्याने उरलेले काम कोणाच्या सोबतीने करावे हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

प्रथम हा प्रोड्यूसर म्हणजे कोण, हे पाहिले पाहिजे. मराठीत त्याला निर्माता म्हणावे, तर डोळ्यांपुढे चित्रपटाला भांडवल पुरविणारे गृहस्थ उभे राहतात. ध्वनिमुद्रणातला प्रोड्यूसर अगदी निराळा. पैसा बहुधा कंपनीचा असतो. गळा गायकाचा, चाल संगीतकाराची, यंत्रे ध्वनिमुद्रकाच्या ताब्यातली. मग याचे स्वतःचे काय? याचा असतो कान, आणि त्या कानाला दिलेला अधिकार. दहा वेळा गाऊन झालेले गाणे अकराव्यांदा गावयास लावणे, किंवा तिसऱ्याच खेपेस ‘पुरे, हेच ठेवू’ म्हणून हात वर करणे. ढोल पुढे आणावा की मागे सारावा हे ठरविणे. वीस गाण्यांतली दहा निवडणे आणि उरलेली दहा निर्दयपणे बाजूस काढणे, ही त्याची नित्याची कामे. पण मुख्य काम याहून अवघड आहे. ज्याच्यापुढे भोवतालच्या माणसांनी ‘वाहवा’खेरीज दुसरा शब्द उच्चारणे कधीच सोडून दिलेले असते, अशा कीर्तिमान कलावंताला ‘हे जमले नाही’ असे तोंडावर सांगणे. प्रोड्यूसर हा अल्बमचा पहिला श्रोता असतो, आणि नंतरच्या कोट्यवधी श्रोत्यांपैकी कोणालाही नसलेली एक सोय त्याला असते. ऐकलेली गोष्ट बदलून घेण्याची.

मराठी श्रोत्याला हा माणूस अपरिचित आहे असे मात्र नाही. त्याचे नाव तेवढे अपरिचित आहे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि दर आठवड्यास एक नवे गीत याप्रमाणे वर्षभर चालले. गीते ५६ झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही नावे पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक झाली. परंतु वर्षभराचा असा संकल्प मनात धरून तो माडगूळकरांच्या गळी उतरविणारे पुणे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांचे नाव किती जणांच्या ओठी येते? त्या वर्षी घराघरांत हाच तर्क चाले : कथेतले कोणते पात्र आता बोलणार, आणि ते कोणाच्या गळ्यातून? माणिक वर्मांच्या की वसंतराव देशपांड्यांच्या? चिक्कडपल्लीच्या मुलांनी जो खेळ मांडला तो महाराष्ट्राने सत्तर वर्षांपूर्वी आठवड्याला एकदा याप्रमाणे खेळून घेतला आहे.

लाडांचे काम योजकाचे होते. स्टुडिओत बसून कलावंताच्या आवाजाशी झुंजणाऱ्या प्रोड्यूसरचे उदाहरण हवे असेल तर ते जी. एन. जोशी यांचे. मराठी भावगीताच्या आरंभकाळातला हा लोकप्रिय गायक. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांच्याच आवाजात घरोघर पोहोचली. पुढे हे गृहस्थ एच. एम. व्ही. कंपनीच्या मुंबईतील स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि तेथे त्यांनी दीर्घकाळ काढला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. तासभर ख्याल गाणाऱ्या खाँसाहेबांना तीन मिनिटांत बसविणे, आणि तरीही त्या तीन मिनिटांत खाँसाहेब उरणे, हे जोखमीचे काम होते. कोणता आलाप ठेवावा, कोणती तान गाळावी, हे सांगणारा माणूस स्वतः गाणारा नसेल तर बैठक मोडलीच म्हणून समजावे! पुढे मोठ्या तबकड्यांचा काळ आला. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या त्या वेळच्या तीन तरुण वादकांचे संतूर, बासरी आणि गिटार एकत्र आणून काश्मीरच्या दरीतला एक दिवस रागांतून उभा करणारी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिची निर्मिती जोशींचीच. गिटारीसारखे परके वाद्य आणि त्या वेळपर्यंत शास्त्रीय मैफलीत नवखे असलेले संतूर एका तबकडीवर आणण्यात धोका होता, आणि तो त्यांनी पत्करला. वादकांची कीर्ती जगभर पसरली. तबकडीच्या वेष्टनावरचे निर्मात्याचे नाव वाचण्याइतकी फुरसत मात्र फारच थोड्या श्रोत्यांना सापडली.

एच. एम. व्ही.च्या मुंबईच्या स्टुडिओचा रॉक संगीताशीही एकदा संबंध आला. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स बँडचा जॉर्ज हॅरिसन मुंबईस आला आणि ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी येथील वादकांकडून त्याने संगीत वाजवून घेतले. तेव्हाच त्याने आपल्या ‘द इनर लाइट’ या गाण्याची साथही येथे मुद्रित केली. गायन त्याने पुढे लंडनला जाऊन केले. मुंबईत प्रोड्यूसरची खुर्ची खुद्द हॅरिसननेच सांभाळली. पण हे थोडे विषयांतर झाले.

कोल्डप्लेच्या अल्बमांची मालिका पाहिली तर प्रत्येक वळणावर प्रोड्यूसर बदललेला दिसतो. २००० साली ‘पॅराशूट्स’ आणि २००२ साली ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’ हे पहिले दोन अल्बम निघाले, त्यांवर काम केले ते लिव्हरपूलच्या केन नेल्सन याने. विद्यापीठात जमलेली चार मुले; त्यांचा पियानो, गिटार आणि किंचित दुखरा आवाज जसा खोलीत ऐकू यावा तसाच त्याने ठेवला. पसारा नाही. आजही अनेक जुन्या चाहत्यांना हाच खरा कोल्डप्ले वाटतो.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी गाडी अडली. नेल्सनबरोबर केलेले बरेच काम बँडला पटेना. ते बाजूस सारून डॅन्टन सपल याच्या मदतीने नव्याने मांडणी सुरू झाली. इकडे दिवस लोटत होते. ज्या ई. एम. आय. कंपनीच्या भारतीय शाखेत एके काळी जी. एन. जोशी काम करीत होते, तीच ही कंपनी. फेब्रुवारी २००५ मध्ये तिला जाहीर करावे लागले, की काही अल्बम ठरल्या वेळी येत नसल्यामुळे वर्षाचा नफा घटेल. त्या अल्बमांत कोल्डप्लेचा अल्बम होता, आणि बातमीसरशी कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला. चार मुलांना एक गाणे मनासारखे जमत नाही म्हणून लंडनच्या शेअरबाजारात घबराट उडावी, हे दृश्य गमतीचे खरे. त्या चौघांना मात्र ते गमतीचे वाटले नसावे. जूनमध्ये ‘एक्स अँड वाय’ निघाला आणि त्या वर्षी जगात सर्वांत अधिक खपलेला अल्बम ठरला. खप हीच कसोटी धरली तर येथे बोलण्यासारखे काही उरत नाही. पण ऐकताना जाणवते, की प्रत्येक गाण्यातली मोकळी जागा कोणीतरी भीतीने भरून काढली आहे. सूर दाटीवाटीने उभे आहेत. ‘थांबा, एवढे पुरे’ असे म्हणणारे त्या खोलीत कोणी नव्हते, किंवा होते त्याचे ऐकले गेले नाही.

त्यानंतर बँडने जे केले ते धाडसाचे होते. त्यांनी ब्रायन ईनो याला बोलाविले. ईनो स्वतःला वादक म्हणवून घेत नाही. १९७५ साली त्याने पीटर श्मिट या चित्रकाराबरोबर पत्त्यांचा एक जोड तयार केला होता. काम अडले की एक पत्ता उचलावयाचा आणि त्यावरची विचित्र सूचना मुकाट्याने पाळावयाची. यू-टू या आयरिश बँडला ‘द जॉशुआ ट्री’सारख्या अल्बमांतून घडविण्यात त्याचा मोठा वाटा होता. या गृहस्थाने कोल्डप्लेची गाणी ऐकून काय सांगितले, हे ख्रिस मार्टिनने पुढे मुलाखतींतून मोकळेपणे सांगितले आहे : गाणी लांब आहेत, त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा वापरल्या आहेत, आणि शब्दही पुरेसे चांगले नाहीत. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमच्या कर्त्यांना, आणि तेही त्यांनीच बोलाविलेल्या माणसाने! मार्कस ड्राव्ह्स आणि रिक सिम्पसन यांच्या जोडीने ईनोने २००८ साली जो अल्बम सिद्ध केला, त्याच्या ‘व्हिवा ला व्हिडा’ या गाण्यात गिटारीचे राज्य संपले होते. तेथे व्हायोलिनच्या जातीची तंतुवाद्ये, मोठा ढोल आणि घंटा आली होती. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत ते गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि पुढल्या वर्षी त्याला सर्वोत्तम गीतरचनेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा असा उपयोग होतो.

मधल्या काही अल्बमांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. २०१५ च्या अल्बमवर स्टारगेट या नॉर्वेजियन जोडीचा हात होता. त्यातल्या एका गाण्याचे चित्रण मुंबईत झाले आणि त्यावरून येथे बरीच वादावादीही झाली. २०१९ चा ‘एव्हरीडे लाइफ’ बँडने आपल्या नेहमीच्या घरच्या माणसांच्या मदतीने केला. तो विस्कळीत आहे, धीट आहे, आणि त्यावर झाली त्याहून अधिक चर्चा व्हावयास हवी होती. त्यानंतर आला मॅक्स मार्टिन. गायकाशी याचे आडनावापुरतेच साम्य, आणि तेही घेतलेले नाव. १९९८ पासून ब्रिटनी स्पिअर्सपासून टेलर स्विफ्टपर्यंत अनेकांना लोकप्रियतेच्या शिखरावर बसविणारा हा स्वीडिश कारागीर. २०२१ चा ‘म्यूझिक ऑफ द स्फिअर्स’ त्याचा, आणि दहाव्या अल्बमवरही प्रमुख हात त्याचाच. कोरियाच्या बी. टी. एस. बँडबरोबरचे ‘माय युनिव्हर्स’ हे गाणे २०२१ मध्ये अमेरिकेत आले तेच पहिल्या क्रमांकावर.

आता तर्काकडे वळावयास हरकत नाही. चिक्कडपल्लीच्या बाकावर सहज चार पक्ष पडतील. एक म्हणेल, मॅक्स मार्टिनच पुन्हा येईल. यशाची घडी कोण मोडतो? दुसरा म्हणेल, ईनोला परत बोलवावे. तिसरा, रिक सिम्पसन आणि घरची मंडळी. आणि चौथा पक्ष, हैदराबादेत तो असणारच, ए. आर. रहमान यांचे नाव घेईल. नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका महोत्सवात ख्रिस मार्टिन आणि रहमान एकाच रंगमंचावर आले होते, आणि २०११ साली मिक जॅगरच्या ‘सुपरहेवी’ या मंडळीत रहमान होतेच, असे दोन पुरावे तो पुढे करील.

शेवटचे नाव मोहात पाडणारे आहे, पण त्यात एक अडचण आहे. रहमान हे मुळात संगीतकार. दुसऱ्याच्या चालीला नकार देणे संगीतकाराला अवघड नसते. नकार दिल्यावर तेथे स्वतःची चाल न घालता हात मागे घेणे अवघड असते. घरच्या माणसांचे दुखणे याच्या उलट. त्यांना बँडची नाडी ठाऊक आहे, आणि म्हणूनच दुखणे वाढेपर्यंत ते काळजी करीत नाहीत. मॅक्स मार्टिनवर मात्र जुने चाहते अन्याय करतात. तो केवळ खूश करणारा आहे हे म्हणणे खरे नाही. त्याच्याइतके निष्ठुरपणे कात्री चालविणारे थोडे असतील. प्रश्न कात्री कशावर चालते हा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनाला जे चटकन चिकटत नाही ते तो कापतो. ईनो कापतो ते, जे कलावंताच्या हाताला सवयीने चिकटलेले असते. ज्या बँडला अजून पन्नास वर्षे चालावयाचे आहे त्याला पहिली कात्री उपयोगी. ज्याने स्वतःहून शेवट ठरविला आहे त्याला दुसरी हवी. नव्या श्रोत्याची मनधरणी करण्याचे कारण त्याला उरलेले नाही.

तरीही ईनो परत आलाच तर तो २००८ चा ईनो असेल असे नाही. त्या जानेवारीत तो ७६ वर्षांचा होता, आणि बँडही आता त्याच्यापुढे शाळकरी मुलांसारखा बसणार नाही. कदाचित सर्वांत शहाणपणाची निवड म्हणजे ज्याचे नाव बाकावरच्या चौघांपैकी एकानेही घेतलेले नाही अशा माणसाची. २००० साली केन नेल्सनचे नाव तरी लिव्हरपूलबाहेर कितीजणांना ठाऊक होते?

परंतु खुर्चीवर कोण बसतो याइतकेच त्याला बसू कसे देतात यालाही महत्त्व आहे. बीटल्सने जानेवारी १९६९ मध्ये एका अल्बमसाठी केलेले काम भांडणात विस्कटले. त्यातली गाणी पुढे फिल स्पेक्टर याच्या हाती गेली, आणि एका गाण्यावर त्याने चढविलेला वाद्यवृंदाचा साज पॉल मॅकार्टनीला इतका खटकला, की २००३ साली ती गाणी त्या साजाशिवाय पुन्हा प्रसिद्ध करण्यात आली. मधल्या काळात मॅकार्टनी जुने प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन यांच्याकडे गेला आणि पूर्वीसारखा एक अल्बम करू या म्हणाला. मार्टिन यांनी एकच अट घातली : पूर्वीसारखे म्हणजे खरोखरच पूर्वीसारखे, आपले म्हणणे मानले गेले पाहिजे. चौघांनी ती मान्य केली. ‘ॲबी रोड’ २६ सप्टेंबर १९६९ रोजी निघाला. त्या चौघांनी एकत्र बसून केलेले ते अखेरचे काम.